रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल आहे, मग 'पोटॅशियम चॅनल'चा आजार कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौदा वर्षांची भाची पहाटे गजर वाजताच दचकून उठली आणि बेशुद्ध पडली. ईसीजीत क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पूर्ववत होईपर्यंतचा वेळ, लांबलेली निघाली, जनुक तपासणीत केसीएनएच२ मध्ये दोष सापडला. पण रक्तातलं पोटॅशियम ४.२, म्हणजे अगदी नॉर्मल. मग बिघडलंय काय, आणि केळी-शहाळी वाढवायची का?

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते, हृदयरोगतज्ज्ञ नाही. तेव्हा गोळ्या आणि डोस तिच्या डॉक्टरांवरच सोडते. बिघाड काय ते मात्र सांगू शकते: कोठारात माल भरपूर आहे, दार नीट चालत नाही.

लॅब मोजते ते पेशीबाहेरचं पोटॅशियम, लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल. पेशीच्या आत ते १४० च्या आसपास असतं. चॅनल म्हणजे पेशीच्या पडद्यातलं प्रथिनाचं छिद्र, आणि ते भलतंच चोखंदळ. वर्गात दरवर्षी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, सोडियम तर पोटॅशियमपेक्षा लहान. मग मोठा जातो आणि लहान अडकतो कसा?" गंमत अशी की दोघेही अंगाभोवती पाण्याचे रेणू लपेटून फिरतात. चॅनलच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेत, की पोटॅशियमला पाणी सोडून बिनधास्त त्यांचा आधार घेता येतो. सोडियम चणीने लहान, त्याला चारी बाजूंचा आधार पुरत नाही, म्हणून तो पाणी सोडायला राजी होत नाही आणि बाहेरच राहतो. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये ही रचना प्रत्यक्ष दाखवली आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याआधी, चॅनलचं तोंड नेमकं कुठे आहे हे शोधायला त्यांनी विंचवाच्या विषातलं एक प्रथिन वापरलं होतं. माझं माहेर महाडकडचं, त्यामुळे विंचू निघाला की मला थांबवत नाही. आपल्या लाल विंचवाच्या विषातही आयबेरिओटॉक्सिन नावाचं प्रथिन आहे, जे एका जातीच्या पोटॅशियम चॅनलच्या तोंडावर बुचासारखं बसतं. विषाचा मुख्य मार सोडियम चॅनलवर असतो, पण ही बुचंही सोबत असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कोकणातले किती जीव वाचवले, ते तिकडे घरोघरी ठाऊक आहे.

असो, भाचीकडे येऊ. प्रत्येक ठोक्याला सोडियम आणि कॅल्शियम हृदयाच्या पेशीत शिरतात आणि ती आकुंचन पावते. पुढच्या ठोक्याआधी तिला पूर्ववत करायचं, तर पोटॅशियम बाहेर पडावं लागतं. केसीएनएच२ हे त्यातल्या एका महत्त्वाच्या दाराचं जनुक. दार अपुरं पडलं की पेशी पूर्ववत व्हायला उशीर होतो; ईसीजीवर तीच लांबलेली क्यूटी. अशा अर्धवट अवस्थेत एखादा अवेळी ठोका आला, तर हृदय नुसतं फडफडतं, रक्त पुढे जात नाही आणि माणूस कोसळतो. या प्रकारात अचानक आवाजाने दचकणं हे नेहमीचं निमित्त. गजर, फोन, दाराची बेल.

हेच दार औषधांनीही बंद पडतं, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच. टर्फेनाडिन नावाची सर्दी-ॲलर्जीची गोळी पूर्वी सर्रास मिळायची. एरवी यकृत तिचं लगेच रूपांतर करायचं. पण सोबत एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा कीटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध घेतलं की ती रक्तात साचायची आणि हे चॅनल अडवायची. माणसं दगावली, गोळी बाजारातून गेली. यकृत तिचं जे रूपांतर करायचं, ते फेक्सोफेनाडिन आज आपण निर्धास्त घेतो. पण डॉमपेरिडोन, ऑनडॅनसेट्रॉन, ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, क्लोरोक्विन ही हेच चॅनल अडवू शकणारी औषधं अजून दुकानात आहेत. उलटी झाली म्हणून मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने गोळी आणणं तिच्या बाबतीत बंद. डॉक्टरांकडून टाळायच्या औषधांची यादी लिहून घ्या आणि तिचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा.

दार सतत उघडं राहिलं तरी आजारच. स्वादुपिंडात साखर वाढली की पोटॅशियमचं एक चॅनल मिटतं आणि मग इन्सुलिन सुटतं. काही तान्ह्या बाळांत ते मिटतच नाही, आणि सहा महिन्यांच्या आत मधुमेह होतो. २००४ मध्ये हा दोष सापडला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा ४९ पैकी ४४ जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं बंद झाली, तीही ग्लिबेनक्लामाइडसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्यांवर, कारण त्या गोळ्या तेच दार ओढून घेतात.

आता केळी-शहाळी. खाऊ दे, पण औषध म्हणून नको, आणि पोटॅशियमचं सिरप आपल्या मनाने तर अजिबात नको. उलट काळजी पोटॅशियम कमी होण्याची घ्या: ते घटलं की हे चॅनल आणखी मंदावतं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस चालू करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. हा दोष बहुतेक वेळा आई किंवा वडिलांकडून येतो. बहिणीचा आणि मेव्हण्यांचा ईसीजी करून घ्याच. बहिणीकडून आला असेल, तर मामा, तुमचाही. भाचीच्या उशाशी मात्र आता गजराचा फोन नको, सकाळी आईनेच हळू हाक मारून उठवावं.