तरंगता बर्फ वितळला तर बिघडतं कुठे?

प्रश्न : पेल्यात बर्फाचे खडे टाकून पाणी काठोकाठ भरलं. खडे वितळले, पण पाणी सांडलं नाही. आर्क्टिकचा बर्फही समुद्रावर तरंगतोच ना? मग एवढी चिंता कशाला?
– नववीतली एक वाचक

उत्तर : तू स्वतः करून पाहिलंस, याचा फार आनंद झाला. निष्कर्षही बरोबर आहे. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. समुद्राच्या खारटपणामुळे किंचित फरक पडतो, पण तो नगण्य.

मात्र या बर्फाची खरी कामं वेगळीच आहेत. वर ताजं हिम साचलेला बर्फ ८० टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परत धाडतो. उघडा समुद्र जेमतेम सहा-सात टक्के. बर्फ हटला की खालचं काळं पाणी तापतं आणि शेजारचा बर्फ वितळवतं. सप्टेंबरात, म्हणजे बर्फ सर्वांत कमी असतो तेव्हा, १९८०च्या दशकात आर्क्टिकवर साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ असे. २०१२ साली तो ३४ लाखांवर आला. १९७९पासून आर्क्टिक साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय, त्याचं हे एक मोठं कारण.

मी आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर, भारताच्या 'हिमाद्री' संशोधन केंद्रावर काम केलंय. तिथला काँग्सफ्योर्द, म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, पूर्वी हिवाळ्यात गोठायचा. २००६नंतर अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरू लागलं आणि आता बहुतेक हिवाळ्यांत त्याचा बराच भाग मोकळाच राहतो. तिथल्या सील माद्या बर्फावरच्या हिमात बीळ कोरून पिल्लांना जन्म देतात. हिम पुरेसं साचलं नाही, तर पिल्लू उघड्यावर पडतं आणि अस्वलाच्या तावडीत सापडतं. मला आकडेवारीपेक्षा हेच जास्त अस्वस्थ करतं.

अंटार्क्टिकात तरंगता बर्फ आणखी एक काम करतो : मागच्या जमिनीवरच्या हिमनद्यांना तो बांधासारखा अडवून धरतो. २००२ साली लार्सन-बी हा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा बर्फाचा पट्टा महिन्याभरात फुटला. तुझ्या प्रयोगाप्रमाणेच त्याने समुद्र वाढवला नाही. पण मागच्या हिमनद्या कित्येक पट वेगाने समुद्रात उतरू लागल्या, आणि जमिनीवरून आलेला बर्फ पातळी वाढवतोच. पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीच्या तोंडाशी असाच बांध आहे. कोमट पाणी त्याच्या तळाशी पोहोचलंय, त्याला तडेही गेलेत. आणि ही एकटी हिमनदी पूर्ण वितळली, तर जगभरचा समुद्र अर्ध्या मीटरहून जास्त वर येईल.