वजन यंत्रावरचं किती, हातातलं किती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, वय ४४. दुकानदार ७० किलोचा मल्टिजिम (केबल ओढली की वजनाच्या पट्ट्या उचलल्या जातात ते यंत्र) घ्या म्हणतो, मुलगा म्हणतो रॅक (बार ठेवायचे उभे खांब आणि तो झेलणाऱ्या आडव्या दांड्या) आणि बार. काय घेऊ?

दुकानदाराला आधी एवढंच विचारा : ७० किलोला पिन लावली, म्हणजे तेवढ्या पट्ट्या निवडल्या, तर हातात किती येतात? विहिरीवरच्या रहाटाचं चाक जागच्या जागी फिरतं, त्यामुळे घागर हलकी होत नाही, नुसती ओढायची दिशा बदलते. पण पुली वजनाबरोबर वर सरकत असेल तर केबल दोन पदरी होते. मग ७०चे हातात ३५च येतात, आणि केबल दुप्पट ओढावी लागते. त्यामुळे दोन यंत्रांवरच्या आकड्यांची तुलना करू नका. दुकानात बसून ओढून बघा.

माझं मत रॅकच्या बाजूने आहे, पण महिनाभर कुणाकडून तरी नीट शिकणार असाल तरच. घरी एकटे असताना रॅकच्या आडव्या दांड्या हाच तुमचा सोबती. बेंचवर झोपून छाती भरून घेतली की बार छातीला टेकावा आणि श्वास सोडून छाती खाली गेली की तो दांड्यांवर विसावावा, इतक्या उंचीवर त्या लावा. हे न करता एकट्याने बेंच प्रेस (झोपून बार छातीवरून वर ढकलणं) करू नका, हात जोडून सांगतो. शिकायला वेळ नसेल तर मल्टिजिम घ्या, तोही वाईट नाही.

स्लॅबची काळजी वाटत असेल तर : राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. रॅक भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा, खाली रबरी मॅट घाला आणि बार आपटू नका.

प्रश्न : शहापुरात जुनं घर आहे. लाकडी माळ्यावर मल्टिजिम चालेल का?

नाही. खाली सोप्यात ठेवा.

प्रश्न : मी निपाणीची निवृत्त शिक्षिका, वय ६७. गुडघे कुरकुरतात. हायड्रॉलिक यंत्र सांध्यांना सोपं म्हणतात, ते घेऊ का?

बाई, सोपं आहे हे खरं. पण त्यातलं नळकांडं ढकलताना अडवतं, परत येताना अंगावर वजनच नसतं. राजहंसगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. जिना उतरताना, खुर्चीत बसताना मांडीचा स्नायू लांब होत होत भार सांभाळतो. नेमकी तीच ताकद तुम्हाला हवी आहे आणि तेच काम हे यंत्र करून घेत नाही.

भिंतीला टेकलेली पक्की खुर्ची घ्या. तीन आकडे मोजत हळू बसा, मग उठा. सुरुवातीला आठ वेळा. जोडीला रबरी पट्टा आणि एक-दोन किलोचे डंबेल्स पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम मिळून तीन किंवा अधिक दिवस. श्वास कोंडू नका. गुडघ्याला सूज असेल किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : खानापूर तालुक्यातून लिहितोय. सैन्य भरतीची तयारी चालू आहे. बाबा कर्ज काढून स्मिथ मशीन घेऊन देतो म्हणतात.

बाळा, बाबांना आजच थांबव. स्मिथ मशीनचा बार रुळांवरून सरकतो, तोल तुला सांभाळावाच लागत नाही. भरतीच्या मैदानात १.६ किलोमीटर धाव, बीमवरचे पुल-अप्स, नऊ फुटांचा खड्डा आणि अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणं असतं. यातलं एकही त्या यंत्रावर तयार होत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे आपल्याकडे घरोघरी भरतीचं स्वप्न असतं, आणि त्यापायी आईबाप खर्चात पडतात याचं मला फार वाईट वाटतं. अंगणात दोन पक्के खांब रोवून आडवा पाइप बसव. पुल-अप जमत नसेल तर स्टुलावरून वर जा आणि पाच आकडे मोजत खाली ये. जोर-बैठका आहेतच. गावात तालीम असेल तर वस्तादांच्या पाया पडून तिथे जा.

प्रश्न : जुना मल्टिजिम स्वस्तात मिळतोय, दोन पावसाळे पडवीत होता. घ्यावा का?

वजनाच्या पट्ट्यांवरचा गंज घासून निघतो. बघायची ती केबल. पुलीवर वळते तिथे आणि दोन्ही टोकांना बोटांनी चाचपा. प्लास्टिक तडकलेलं असेल किंवा एक जरी तार तुटलेली दिसली तर केबल बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा, आणि नवी केबल बसेपर्यंत त्या यंत्रावर कुणाला बसू देऊ नका.