केमो लागू पडेल का, हे रक्तावरून आधी कळतं?

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तिसरी स्टेज. पुढच्या आठवड्यात केपॉक्स केमो सुरू होईल. एक खासगी लॅब म्हणते, रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून केमो लागू पडेल का ते आधीच कळतं. चाचणी महाग आहे. करू का?
— एक मुलगी, सांगली

उत्तर : नका करू. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि या विषयावर माझा जीव आहे, तरीही सांगते.

लॅब सांगते त्यामागचं विज्ञान खरं आहे. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ जनुकीय अक्षरांचे बारीक धागे. ते जनुकांचं काम दाबून ठेवतात. ते शोधणाऱ्या ॲम्ब्रोस आणि रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. त्यातला मिर-२१ आतड्याच्या गाठीत वाढलेला असतो. तो जास्त असलेल्या रुग्णांना केमोचा गुण कमी आला, असं २००८ मध्येच छापून आलं. पण ते होतं गाठीच्या तुकड्यावर, आणि रुग्णांच्या गटाबद्दल. एकट्या तुमच्या बाबांबद्दल बोलायला अमुक आकड्याच्या वर वाईट, अशी सर्वमान्य रेघ अजून आखलेली नाही.

शिवाय रक्ताची नळी. बाहेरगावाहून हेलकावे खात आलेली नळी मी यंत्रात गरगर फिरवते तेव्हा वर पिवळसर सीरम, म्हणजे रक्तातला पेशींवेगळा पातळ भाग, यायला हवा. कधी ते गुलाबी येतं. तांबड्या पेशी फुटलेल्या असतात आणि त्यांच्यातला मिर-१६ हा दुसरा मायक्रोआरएनए सीरममध्ये उतरलेला असतो. पुष्कळदा मिर-२१ मोजतात तो याच मिर-१६ च्या तुलनेत. म्हणजे वजनमापच बदललं! अशा आकड्यावर कुठलाही जबाबदार डॉक्टर बाबांची केमो थांबवणार नाही.

त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये हॉस्पिटलात जपलेला असतो. त्यावर एमएमआर, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं, तपासलंय का? रिपोर्टात एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६ ही नावं शोधा. यातलं एखादं प्रथिन नसेल, तर दोष कधीकधी घराण्यातला असतो, आणि मग तपासणी तुमचीही लागेल.

दुसरी डीपीवायडी या जनुकाची तपासणी, आणि हिची घाई आहे. केपॉक्समधल्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांचा शरीरात निचरा करणारं एन्झाइम काहींमध्ये जन्मतःच कमी असतं. त्यांना नेहमीच्या डोसने केमोच्या पहिल्याच फेरीत तोंड सोलवटणं, जुलाब, पांढऱ्या पेशी घसरणं जिवावर बेतू शकतं. आधी कळलं तर डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येतं. पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना हे विचाराच. उद्याच फोन करा.