गवताला हात आखडू नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

मैत्रीण परदेशी गेली आणि तिचा चिंचिला, म्हणजे तो दाट लोकरीचा, कुरतडणारा छोटा प्राणी, तुझ्याकडे आला, हे कळलं. सोबत दोन डबे आलेत म्हणतेस. एकात खाद्याच्या हिरवट गोळ्या, दुसऱ्यात बेदाणे, सुक्या केळ्याचे काप आणि सूर्यफुलाच्या बिया. तो दुसरा डबा आजच पिंजऱ्याजवळून हलव. तो बेदाण्यासाठी हातावर चढतो, हे खरं. पण बेदाणा त्याला सोसत नाही.

हे प्राणी मूळचे चिलीतल्या अँडीजच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचे. तिथं भरड गवत, झुडपांची पानं, साल असलंच काही मिळतं, आणि पोटही त्यालाच जुळलेलं. आतड्यातले जिवाणू तो चोथा आंबवतात, त्यावरच चिंचिला जगतो. त्यात गोड किंवा तेलकट पडलं की नको ते जिवाणू माजतात, पोटात वायू धरतो. त्याला उलटी करता येत नाही, ढेकरही नाही. पोट फुगलं की काही तासांत जिवावर बेतू शकतं.

दुसरं कारण दातांचं. त्याचे सगळेच दात, दाढासुद्धा, जन्मभर वाढत राहतात. गोळीचा दोन चावांत भुगा होतो. गवताची काडी मात्र आडवी रगडावी लागते, आणि त्या रगडण्यानंच दाढा झिजतात. झिजल्या नाहीत तर त्यांना टोकं येऊन जीभ आणि गाल सोलतात, मुळं जबड्यात आणि डोळ्याकडे घुसतात. लाळेनं हनुवटी ओली दिसायला लागते तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून टिमथी गवत (चाऱ्याचं एक गवत, वाळवलेलं) दिवसरात्र समोर हवं. ते संपून पिंजरा रिकामा राहिला, असं होऊच देऊ नकोस. लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक. मोठ्याला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. गोळ्या संध्याकाळी एक-दोन टेबलस्पून, बस्स. त्याही साध्या, बिया-फळांचे तुकडे नसलेल्या. गोळ्या बदलायच्या झाल्या तर आठ-दहा दिवस जुन्यात नव्या मिसळत जा.

आता आपल्याकडच्या पावसाळ्याचं. तेव्हा गवताचं मोठं पोतं आणायचा मोह टाळ. थोडं आण आणि त्याच्याच एसीच्या खोलीत कोरड्या जागी ठेव. (एसी त्याला लागतोच, 25 अंशांच्या वरची उष्णता त्याला झेपत नाही.) रोज मूठभर गवत नाकाशी धर. चांगल्या गवताला कापलेल्या कुरणाचा वास येतो, काडी मोडताना कट् आवाज होतो. कुबट वास आला, काडी नुसतीच वाकली किंवा पांढरट धूळ उडाली, तर ते टाकून दे. पैशाकडे बघू नकोस.

पाणी वाटीत नको. त्याची लोकर इतकी दाट असते की भिजली तर वाळता वाळत नाही आणि कातडीला बुरशी धरते. धातूच्या नळीची काचेची बाटली लाव. प्लास्टिक तो कुरतडतो. पाणी रोज बदल आणि बदलताना नळीच्या टोकाची गोळी बोटानं दाबून पाहा. ती अडकली की बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. पाणी कमी पडलं की तो खाणंही सोडतो. पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब घालू नकोस. चव बदलली तर तो पाण्याला तोंड लावत नाही.

आजार तो लपवतो, त्यामुळे सकाळी आधी लेंड्या बघ. भरपूर, टणक, साधारण सारख्या आकाराच्या असल्या की निश्चिंत राहा. बारीक, कमी किंवा मऊ झाल्या तर काहीतरी बिघडलंय. कधी वाकून स्वतःचीच लेंडी तोंडात घेईल, ते त्याच्या पचनाचाच भाग आहे, ओरडू नकोस. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घे. मोठा चिंचिला साधारण 400 ते 600 ग्रॅम भरतो. वजन उतरत गेलं तर वाट बघू नकोस, आणि अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. ससे-गिनीपिगांवर उपचार करणारा डॉक्टर आत्ताच शोधून ठेव. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन त्याच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारतं, हे त्यांना ठाऊक आहे ना, तेही विचार.

लाड करायचेत ना? ओटच्या गवताची एक लांब काडी हातात धर आणि त्याला ओढू दे. त्यासाठीही तो हातावर चढेल, थोडे दिवस जास्त लागतील इतकंच.

रविवारी पहिलं वजन घेतलंस की कळव.

तुझी,
मावशी