पाण्याखालच्या मॉनिटरसाठी कर्ज काढावे का?

आपण मालवणहून लिहिता की, तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांचे स्कूबा चित्रीकरण हा आपला मुख्य व्यवसाय असून वर्षाची उलाढाल सुमारे 9 लाख रुपये आहे. हाउसिंगमधल्या, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पेटीतल्या, कॅमेऱ्याला जोडायचा 5 इंची मॉनिटर, त्याच्या स्वतंत्र हाउसिंगसह, घेण्यासाठी आपल्याला 2 लाखांचे कर्ज 14 टक्के दराने 3 वर्षांकरिता मिळत आहे. माझे मत असे की, या हंगामात ते घेऊ नये.

मॉनिटर उपयोगाचा नाही, असे मी म्हणत नाही. उथळ पाण्यात वरून ऊन पडत असताना कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर फोकस कुठे बसला आहे ते दिसत नाही, आणि मोठा, उजळ, हवा तसा वळवता येणारा पडदा तिथे खरोखर कामाला येतो. पण त्याचे पैसे कोण देणार? बोटीत चढताच मोबाइलवर क्लिप मागणारा पर्यटक देणार नाही, कारण त्याचे चित्रीकरण वाइड अँगलवर होते आणि त्यात फोकस सहसा चुकत नाही. जादा दर देतात ते माहितीपटवाले, आणि त्यांचे काम आपल्याला गेल्या वर्षी 5 दिवसच मिळाले. दिवसामागे 6,000 रुपये अधिक मिळतील असे धरले तरी हाती 30,000 येतात, तर हप्ता महिना सुमारे 6,835, म्हणजे वर्षाला 82,000 होतो. त्यातले जून ते ऑगस्टचे साडेवीस हजार बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना घरातून भरावे लागतील. तीन वर्षांचे व्याजच 46,000 च्या घरात जाते.

शिवाय दरपत्रकात नसलेले खर्च आहेत. कॅमेऱ्याचे चित्र मॉनिटरवर नेणारी एचडीएमआयची केबल पाण्यातून न्यायची तर दोन्ही हाउसिंगना योग्य आट्यांचे पोर्ट, म्हणजे केबल आत घ्यायची भोके, आणि जलरोधक जोडणी लागते. आपल्या हाउसिंगला असा मोकळा पोर्ट आहे की नाही, हे पत्रात नाही. प्रत्येक नव्या जोडाबरोबर एक ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारे रबरी कडे, वाढते, आणि एका केसाने किंवा वाळूच्या कणाने ती गळली तर मॉनिटरच नव्हे, कॅमेराही जाऊ शकतो. म्हणून विमा घेताना, पाणी शिरून झालेले नुकसान त्यात येते का, हे लेखी विचारावे.

आपले वय 46 आहे, आणि ‘हल्ली पडदा धूसर वाटतो’ हे आपलेच वाक्य मला महत्त्वाचे वाटते. मास्कच्या काचेला आतून चिकटवायची वाचनाची भिंगे मॉनिटरच्या तुलनेत नगण्य किमतीत मिळतात. आधी डोळे तपासून ती वापरून पाहावीत. निम्मी अडचण तिथेच सुटली तर मला नवल वाटणार नाही.

करबचतीचा मुद्दा इथे फारसा लागू नाही. आपण अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून, विवरण भरता, त्यामुळे घसाऱ्याची वेगळी वजावट मिळत नाही, आणि जीएसटी नोंदणी नसल्याने खरेदीवरचा करही परत येत नाही.

माहितीपटाच्या कामापुरता मॉनिटर भाड्याने घ्यावा आणि भाडे ग्राहकाच्या बिलात वेगळे दाखवावे. एका हंगामात असे 15 दिवस भरले, तर पुढच्या ऑक्टोबरपूर्वी निम्मी रक्कम स्वतःची घालून उरलेल्या 1 लाखाचेच कर्ज काढावे. मुलीच्या शिक्षणाच्या मुदत ठेवीला मात्र हात लावू नये.