ओथोचं नाणं घेताय? आधी हे बघा

जुनी नाणी जमवायला रोमन सम्राट ओथोपासून सुरुवात करताय, मस्तच! फक्त रोमच्या मोठ्या ब्राँझ नाण्यामागे लागू नका, नवीन माणूस हमखास तिथेच फसतो. इ.स. 69 मध्ये तो जेमतेम तीन महिने सम्राट होता, रोमच्या टांकसाळीत त्याची सोन्याचांदीचीच नाणी पडली, ब्राँझ आलं ते पूर्वेकडून, सीरियातलं अँटिओक शहर वगैरे. सोळाव्या शतकातल्या संग्राहकांना बारा सीझरांचा (ज्युलियस सीझरपासूनचे पहिले बारा रोमन सत्ताधीश) ब्राँझ सेट पुरा करायचा असायचा, तिथे गाडी ओथोवर अडायची, मग इटलीतल्या पादुआच्या काव्हिनो या पदककाराने झकास नकला पाडल्या (त्या आता स्वतःच जमवतात लोक).

तुम्ही एवढंच करा:
- दिनारियस (रोमचं चांदीचं नाणं) बघा, त्यावरच्या ओथोच्या केसांच्या टोपाच्या कुरळ्या ओळी भिंगाखाली मोजता येतात
- कडेला ओतकामाची रेघ दिसली की ती साच्यात ओतलेली नक्कल समजा, नाणं खाली ठेवा
- घासून चकचकीत अजिबात करू नका