कोरड्यासचा अर्थ कुणी बदलला?

मागच्या अंकात याच सदरात मी विक्शनरीबद्दल थोडं लिहिलं होतं. इंटरनेटवरचा हा बहुभाषी शब्दकोश कुणीही वाचू शकतं आणि कुणीही त्यात भर घालू शकतं, पगारी संपादक तिथे नाहीत, मराठीला माणसं कमी पडताहेत, तर या, असं मी म्हटलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. या वेळचं सदर त्या पत्रांनाच देते.

प्रश्न : माझं माहेर माण तालुक्यातलं, राहते कोथरूडला. तुमचं वाचून मुलाच्या लॅपटॉपवर खातं उघडलं आणि पहिलाच शब्द घातला ‘कोरड्यास’. अर्थ दिला, भाकरीबरोबर खायचं पातळ कालवण. व्युत्पत्तीत लिहिलं, कोरड्या भाकरीला ओलं करतं म्हणून कोरड्यास, असं आमची आजी सांगायची. आठ दिवसांनी बघते तर कुणीतरी अर्थाच्या जागी ‘कोरडी भाजी’ करून ठेवलेलं आणि आजीचं वाक्य काढून टाकलेलं. मी माझं परत लिहिलं, त्यांनी त्यांचं परत लिहिलं. असं तीनदा झाल्यावर मी नाद सोडला. आमच्या घरात रोज बोलला जाणारा शब्द मला शिकवणारे हे कोण?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाद सोडू नका. तुमचा अर्थ बरोबर आहे. माझ्या शेजारी सोलापूरकडचं कुटुंब राहतं. त्यांच्याकडे संध्याकाळी “कोरड्यास काय केलंय?” असं विचारलं की उत्तर येतं आमटी, नाहीतर पिठलं, नाहीतर शेंगदाण्याचं कालवण. बटाट्याची सुकी भाजी असं उत्तर मी कधी ऐकलेलं नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी ते पान उघडून ‘इतिहास’ पाहिला. तुम्हीही आधी तेच करा. विक्शनरीत काहीच नष्ट होत नाही. प्रत्येक बदल तारखेसकट, वेळेसकट, सदस्यनावासकट तिथे राहतो. तुमच्या आजीचं वाक्यही तिथे शाबूत आहे. समोरच्या सदस्याने बदल करताना आढाव्याच्या चौकटीत कारणही लिहिलंय, ‘कोरडा या विशेषणावरून’. म्हणजे त्यांनी हा शब्द कधी ऐकलेला नाही, तो फक्त अक्षरांवरून वाचला. त्यांचं बाकीचं काम मी चाळलं. त्या दिवशी त्यांनी पंचवीस-तीस नोंदींची वेलांटी-उकारं नीट केली होती. हा माणूस खोडसाळ नाही, कष्टाळू आहे. अशा माणसाशी उलटापालटीचा खेळ खेळून काही मिळत नाही. चौथ्यांदा बदललंत तर एखादा प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेला सदस्य, पानाला कुलूप लावील, आणि कुलूप लागताना जो अर्थ वर असेल तोच राहील.

त्याऐवजी त्याच पानाच्या ‘चर्चा’ टॅबवर जा. हा शब्द कुठल्या भागातला, कोण बोलतं, कशाला म्हणतात ते लिहा. “आमच्याकडे असंच म्हणतात” एवढ्यावर थांबू नका, एक वाक्य द्या. समजा तुम्ही लिहिलंत, ‘त्याने कोरड्यासात भाकरी कुस्करली आणि वाटी तोंडाला लावली.’ कोरड्या भाजीत भाकरी कुस्करता येत नाही आणि सुक्या बटाट्याची वाटी कुणी तोंडाला लावत नाही. हे वाक्य वाचल्यावर वाद घालायला काही उरत नाही. कोशातलं उदाहरण असं हवं, की शब्दाच्या जागी दुसरा अर्थ बसवून पाहिला तर वाक्य मोडलं पाहिजे. नव्याने येणाऱ्या बहुतेक नोंदींत उदाहरण म्हणून ‘मला कोरड्यास आवडते’ असं काहीतरी असतं. त्यातून काहीच कळत नाही. तिथे श्रीखंडही बसेल आणि क्रिकेटही बसेल.

घरातलं वाक्य मिळालं की छापील वाक्य शोधा. माणदेशाच्या, सोलापूर-सांगलीकडच्या ग्रामीण कथांमध्ये हा शब्द सापडायला हवा. पुणे मराठी ग्रंथालयात किंवा नगर वाचन मंदिरात एक दुपार काढा. वाक्य, पुस्तक, साल, पान, एवढं टिपून आणलंत की झालं. ही रीत नवी नाही. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या कोशाचं काम चालू आहे. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या, शब्द कुठे आणि कसा वापरलाय ते दाखवणाऱ्या. ती चिठ्ठ्यांची कपाटं मी एकदा पाहिली आहेत. एका खणाशी उभं राहिलं तरी समजतं, की अर्थ आधी ठरत नाही. आधी वाक्यं गोळा होतात.

एका बाबतीत मात्र मी समोरच्या सदस्याच्या बाजूने आहे. आजीचं स्पष्टीकरण सुंदर आहे, पण व्युत्पत्तीच्या रकान्यात ते तसंच ठेवू नका. तिथे जुन्या लेखनाचा किंवा अभ्यासकाचा आधार लागतो. ते चर्चापानावर ठेवा, ‘माण तालुक्यातल्या एका घरात सांगितलं जाणारं स्पष्टीकरण’ असं म्हणून. उद्या कुणी बोलीचा अभ्यासक आला तर त्याला ते सोन्यासारखं वाटेल.

“हे कोण?” असं तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर मला स्वतःवरूनच देता येईल. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी तीस वर्षं प्रुफं वाचली. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार, असे अठराच्या अठरा माझ्या हाताला सवयीचे. विक्शनरीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ‘पाव्हणा’ अशी एक नोंद दिसली. मी ती सरळ ‘पाहुणा’ केली आणि समाधानाने झोपले. सकाळी चर्चापानावर एका सदस्याचा निरोप होता : “ताई, हे चुकलेलं नाही. आमच्याकडे पाव्हणाच येतो आणि त्याला पाव्हणाच म्हणतात. पाहुणा वेगळ्या पानावर आहेच.” मला फार वाईट वाटलं. प्रूफ वाचताना ‘पाव्हणा’ ही चूक असते, कोशात ती नोंद असते, आणि हा फरक मला तीस वर्षांत कुणी सांगितला नव्हता. मी बदल उलटवला, माफी मागितली आणि खाली ‘बोली रूप, प्रमाण रूप पाहुणा’ अशी ओळ घातली. त्या सदस्याबरोबर मी पुढे दोनेकशे बोली शब्दांवर काम केलं. आम्ही अजून एकमेकांना पाहिलेलं नाही.

तुमच्या कोरड्यासच्या माणसाला चर्चापानावर ‘दादा’ म्हणून हाक मारा. तो येईल.

प्रश्न : मराठी विक्शनरीत हिंदी, संस्कृत, इंग्रजी शब्द कशाला? ‘शिक्षा’ शोधलं तर हिंदीचाही अर्थ. मराठीच्या घरात ही गर्दी नको. मी ते काढून टाकू का?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : कृपा करून काढू नका, सर. मराठी विक्शनरी म्हणजे फक्त मराठी शब्दांचा कोश नव्हे. जगातल्या कुठल्याही भाषेतला शब्द मराठीतून समजावून सांगायचा, हे तिचं काम. डिसेंबर २००२ मध्ये इंग्रजीत हा प्रकल्प सुरू झाला तेव्हापासूनची हीच कल्पना आहे, आणि मग प्रत्येक भाषेने आपापली विक्शनरी काढली. पानाचं नाव म्हणजे अक्षरं. तीच अक्षरं ज्या ज्या भाषांत शब्द म्हणून येतात, त्या प्रत्येकीला त्या पानावर आपला विभाग मिळतो.

आणि तुम्ही उदाहरण तर फारच छान दिलंत. ‘शिक्षा’ मराठीत दंड, हिंदीत शिक्षण, संस्कृतात उच्चारशास्त्राचं वेदांग. हे तीन अर्थ एकाखाली एक पाहिले की नागपुरातल्या मुलाला लगेच कळतं, हिंदीच्या पेपरात ‘शिक्षा का अधिकार’ वाचून आपण का चपापलो. ‘संसार’ तसाच, आपल्याकडे घरप्रपंच, हिंदीत जग. ‘चेष्टा’ आपल्याकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. ‘राग’ आपल्याला येतो, त्यांना तो गातानाच आठवतो. ‘यातायात’ म्हणजे आपल्याकडे दगदग, आणि हिंदीत वाहतूक. (कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता दोन्ही अर्थ एकच होतात.) नागपूरला तुम्ही दोन्ही भाषा रोज कानांनी ऐकता. अशा जोड्या तुमच्याइतक्या भराभर पुण्यात बसून मला सुचणार नाहीत. काढायला नको, भर घालायला या.

प्रश्न : मी ‘दऱ्या’ शोधतो तर पान नाही म्हणतं. शेजारी बसलेला मित्र शोधतो तर पान निघतं. दोघांच्या पडद्यावर शब्द हुबेहूब सारखा. हे काय आहे?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : डोळ्यांना सारखा, यंत्राला वेगळा. आपला हा अर्धा र, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक सांभाळणारा, संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा र, पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. कुठला प्रकार उमटेल ते तुमच्या कीबोर्डवर ठरतं. ‘ॲ’चीही तीच कथा. २००८ साली युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीच्या, ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधी अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे जोडून तो लिहीत. जुन्या नोंदी त्या पद्धतीच्या आहेत. म्हणून ‘ॲसिड’सारखा शब्द एकाच कोशात दोन ठिकाणी राहू शकतो आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

यात फक्त शोध चुकतो असं नाही. वेगवेगळ्या भाषांच्या विक्शनऱ्यांतली सारख्या नावाची पानं आपोआप एकमेकांना जोडली जातात. नावात एक न दिसणारं चिन्ह जास्त असलं की तो दुवा तुटतो आणि आपलं पान एकटं पडतं. उपाय सोपा आहे. नवं पान करण्याआधी शब्द दोन्ही प्रकारे शोधा. एक पान असेल तर दुसऱ्या लेखनावरून त्याकडे पुनर्निर्देशन द्या, म्हणजे शोधणारा आपोआप तिथे पोचेल. दोन पानं निघाली तर मजकूर एकत्र करा, आणि चर्चापानावर सांगून करा. तुम्ही हिंजवडीत काम करता म्हणजे संगणकाची भीती नसणार. अशा जुळ्या नोंदींची यादी काढणारा छोटा प्रोग्रॅम तुम्ही लिहिलात तर आम्हा म्हाताऱ्या मंडळींचं वर्षभराचं काम वाचेल. ही मी मनापासून विनंती करते आहे.

प्रश्न : घरात तीन-चार शब्दकोश आहेत. रोज पानभर टाइप करून टाकलं तर चालेल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कुठला कोश, त्यावर आहे. शब्द कुणाच्या मालकीचा नसतो, पण कोशकाराने लिहिलेली व्याख्या त्याची असते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं प्रताधिकार राहतो. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि १८५७ ची वाढवलेली आवृत्ती खुली आहे, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती शोधताही येते. वा. गो. आपट्यांचा १९२२ चा ‘मराठी शब्दरत्नाकर’ही मोकळा आहे, कारण ते १९३० साली गेले. पण त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत इतरांनी घातलेली भर त्यात मोजू नका. अलीकडचे कोश समोर ठेवून समजून घ्या, मिटा, आणि मग स्वतःच्या वाक्यात लिहा. जुन्या कोशातलं घेताना साल जरूर लिहा. १८५७ चा अर्थ आज तसाच असेल असं नाही.

प्रश्न : वय ७१. टायपिंग जमत नाही, व्याकरण विसरलो. मला काही करता येईल का?
— एक आजोबा, धनकवडी

उत्तर : तुमचा आवाज द्या. ‘जग’ लिहिलं की दुनिया आणि पाण्याचा जग दिसतात सारखेच, पण पहिला ज आपण दातांपाशी उच्चारतो आणि दुसरा टाळूपाशी. ‘जरा थांब’मधला जरा आणि ‘जराजर्जर’मधला जरा यांचंही तसंच. आपली लिपी हे दाखवत नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले च वेगळे आहेत, हे कागदावरून कसं कळावं? त्याला ऐकायला मिळालं पाहिजे, आणि तेही लहानपणापासून मराठीच बोलत आलेल्या माणसाच्या तोंडून.

इंटरनेटवर ‘लिंग्वा लिब्र’ नावाची उच्चार नोंदवायची जागा आहे. तिथे शब्दांची यादी दिली की एकेक शब्द पडद्यावर येतो, आपण तो म्हणायचा, की पुढचा येतो. टाइप करायचं नाही. एकदा नातवाकडून खातं उघडून घ्या. दुपारी तीनच्या सुमाराला, रस्ता शांत असताना बसा. पंखा बंद करा, त्याची घरघर फार येते. प्रत्येक शब्दाआधी श्वास घ्या आणि वाचून दाखवल्यासारखं म्हणू नका, घरात बोलता तसं म्हणा. पहिल्या दिवशी वीस शब्द पुरे. सुरुवातीची यादी मी संपादकांकडे देऊन ठेवते आहे, पत्ता कळवलात तर मोठ्या अक्षरांत छापून पाठवतील. त्यात ‘जरा’ दोनदा आहे, दोन्ही वेळा वेगळा म्हणा.